परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: संयंत्राबरोबर पन्हळही पाठवा

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,

मे २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीच्या परिषदेत भारताने प्रशांत महासागरातल्या बेटांना खारे पाणी गोडे करणारी संयंत्रे देऊ केली. गरज खरी आहे. पण नुसते यंत्र धक्क्यावर उतरवून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

तुवालू, किरिबाती ही बहुतांशी सखल प्रवाळबेटे. नदी नाही, ओढा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि हे हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगते. ते समुद्रपातळीपेक्षा १ सेंटिमीटर वर असेल, तर खाली साधारण ४० सेंटिमीटर गोडे पाणी टिकते. म्हणजे वरून थोडे उपसले तरी खालून खारे पाणी कितीतरी चढते. उभ्या विहिरीला जोराचा पंप लावला की नेमके हेच होते. म्हणूनच किरिबातीच्या तारावा बेटावर बोनरिकीत भूजलाच्या माथ्यालगत आडव्या सच्छिद्र नळ्या टाकून पाणी हळूहळू ओढतात. समुद्र चढतो आहे. उधाण बेटावरून गेले की हे भिंग खारावते आणि पावसाने धुऊन निघायला कित्येक महिने लागतात. खड्ड्यांत लावलेला पुलाका, आपल्या अळूच्या कुळातला कंद, त्यात कुजतो.

२०११च्या दुष्काळात तुवालूला आणीबाणी जाहीर करावी लागली, संयंत्रे विमानाने आणावी लागली. अशा वेळी यंत्राला पर्याय नाही. मात्र १०० लिटर समुद्रपाण्यातून गोडे मिळते ३५-४० लिटर. उरलेले दाट खारे पाणी जमिनीत किंवा उथळ खाजणात सोडले तर नुकसान आपणच करू. ते प्रवाळकड्याबाहेर, खोल समुद्राकडेच गेले पाहिजे. यंत्र काही दिवस बंद राहिले की आतल्या मीठ अडवणाऱ्या पडद्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बंद करताना ते गोड्या पाण्याने धुऊन रसायनात भरून ठेवावे लागतात. हे रोज पाहणारा माणूस गावातलाच हवा.

एरवी आधार छपराचा. १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ८०० लिटर मिळतात. सहा माणसांना प्रत्येकी २० लिटर धरले तर १०,००० लिटरची टाकी ८३ दिवस पुरते. पन्हळ फुटकी असेल तर यातले काहीच टाकीत पोचत नाही.

तेव्हा करारात प्रत्येक संयंत्रामागे पाच वर्षांचे गाळणे, पडदे आणि पंपाची सीले, दोन स्थानिक चालकांचे प्रशिक्षण, सौरऊर्जा आणि त्या वस्तीतल्या पन्हळी-टाक्यांची दुरुस्ती लिहून घ्यावी. टाक्या एक तृतीयांशावर आल्या की संयंत्र सुरू करायचे, हेही त्यातच ठरावे.

आपले,
पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणारे काही अभियंते