फाईल उघडते, मराठी उघडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी या विषयावर आपल्या दैनिकात हल्ली बरंच छापून येतं. मशीनला मराठी धड येत नाही, वाक्यं इंग्रजी वळणाची पडतात, शुद्धलेखनाचा पत्ता नसतो, अशा तक्रारी असतात. तक्रारी खऱ्या आहेत. पण सगळं खापर अमेरिकेतल्या कंपन्यांवर फुटतं, तिथे मला थोडं बोलायचं आहे. मी मिरजेत १९९४ पासून डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावून देण्याचा धंदा करतो, आणि मशीनपासून मराठी लपवून ठेवण्यात माझाही हात आहे.

आधी कंपन्यांच्या वाट्याचं सांगतो. ही यंत्रं शब्द वाचत नाहीत, मजकुराचे तुकडे वाचतात. तुकडे कुठे पाडायचे हे आधी गोळा केलेल्या मजकुरावरून ठरतं. त्या ढिगात इंग्रजी डोंगराएवढं आणि मराठी मूठभर, त्यामुळे इंग्रजीचा अख्खा शब्द एका तुकड्यात बसतो आणि मराठीचा भुगा होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकी कंपनीने जीपीटी-४ओ हे असंच एक नवं यंत्र आणलं, तेव्हा त्यांनीच एक तक्ता दिला होता. नमस्कार-चमत्काराचा एकच छोटा मजकूर वेगवेगळ्या भाषांत घेतलेला. इंग्रजीत त्याचे आधी २७ तुकडे पडत, ते २४ झाले. मराठीत आधी ९६ पडत, ते ३३ वर आले. म्हणजे तोवर तेवढंच बोलायला मराठी माणूस साडेतीनपट तुकडे मोजत होता, आणि ही सेवा विकत घेणाऱ्याला पैसे तुकड्यांवर पडतात. ती दुरुस्ती त्यांनी केली, उशिरा का होईना. पुढचं काम यंत्राला शिकायला मराठी मजकूर देण्याचं आहे, आणि मजकूर आपल्याकडे आहे. कुठे आणि कसा, ते मला चांगलं माहीत आहे.

गेल्या महिन्यात एम.ए. करणारी एक मुलगी दुकानात आली. एका कार्यालयाच्या (नाव लिहीत नाही) संकेतस्थळावरून तिने जुना वार्षिक अहवाल उतरवून घेतला होता, आणि त्यातला एक परिच्छेद तिला प्रबंधात घ्यायचा होता. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होतं. कॉपी करून पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, उलटेसुलटे कंस. ती म्हणाली, ‘काका, व्हायरस आहे का?’ म्हटलं, ‘व्हायरस नाही गं, मराठीच आहे ती. आमच्या काळातली.’

आमच्या काळात फॉन्टवाल्या कंपन्यांनी एक जुगाड केला होता. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरांचे क्रमांक कळायचे. मग त्या इंग्रजी अक्षराच्या घरात ‘क’चं चित्र बसवायचं, दुसऱ्या घरात अर्ध्या ‘क’चं, तिसऱ्या घरात रफार. कागदावर मराठी उमटायचं, गिऱ्हाईक खूश, छपाईसाठीचं ट्रेसिंग निघालं की आम्ही मोकळे. फाईलमध्ये मात्र मराठीचा एक कणही नसायचा. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही वेगळी. पर्याय नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्येच मानक ब्युरोने स्वीकारली होती. त्यामागे ज्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं मोठं काम होतं, ती पुण्याचीच. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये ते चालायचं नाही आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत लग्नपत्रिका द्यायची असायची.

आता कुणी म्हणेल, चिन्हं बदलणारा एखादा प्रोग्रॅम लिहा आणि सगळं युनिकोडमध्ये न्या. तसे कन्व्हर्टर आहेत, मी रोज वापरतो. पण ‘वार्षिक’ हा साधा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात आम्ही जसं दिसतं तसं टाइप करायचो: व, काना, मग पहिली वेलांटी, मग ष, त्यावर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं असतं: व, काना, र, पाय मोडायची खूण, ष, मग वेलांटी, मग क. म्हणजे वेलांटीला उचलून ‘ष’च्या नंतर न्यायचं आणि रफाराला उचलून ‘ष’च्या आधी आणायचं. जोडाक्षर आलं की दोघं कुठल्या अक्षरापर्यंत सरकणार हे प्रोग्रॅमला कळायला हवं. नाही कळलं की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

आणि मराठीची खास खोड म्हणजे ‘ऱ्य’. हिंदीवाल्यांनी बनवलेल्या कन्व्हर्टरला हा आडवा अर्धा र माहीतच नसतो. एका गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेचा जुना मजकूर मी असाच घाईत बदलला आणि सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांचा ‘दर्याखोर्यां’ झाला. डोंगरात समुद्र! प्रूफ वाचणारे गुरुजी नसते तर तसंच छापलं गेलं असतं. हाच ‘ऱ्य’ युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. ‘बॅट’ला जागा होती, पण ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळायला २००८ उजाडलं.

ओसीआर आहेच की, असंही लोक सांगतात. पान स्कॅन करा, यंत्र वाचेल. वाचतं, बऱ्यापैकी वाचतं. पण जुनं छापील पान, शाई थोडी पसरलेली, त्यात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा घोळ ठरलेला. ‘भाऊ’ची ‘माऊ’ होते. माणूस हसून दुरुस्त करतो. यंत्र शिकायला बसलं की ते ‘माऊ’च शिकतं. जी पानं फाईलच्या रूपात आधीच होती ती छापून, स्कॅन करून, पुन्हा वाचायला लावायची, हे द्राविडी प्राणायाम कशासाठी?

माझ्या माळ्यावर सीडींचे दोन खोके आहेत. दिवाळी अंक, साखर कारखान्यांचे अहवाल, ग्रामीण लेखकांचे कथासंग्रह, शाळांची सुवर्णमहोत्सवी पुस्तकं, दोन-चार बोलीभाषेतल्या आत्मकथा. लेखकांपैकी कितीतरी आता हयात नाहीत आणि त्यांच्या घरीही दुसरी प्रत नाही. काही सीडींना बुरशी लागली आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फाईली उघडतात त्याला डोंगल लागतं, म्हणजे परवान्याची किल्लीसारखी डबी, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायची. तो पोर्ट असलेला एकच संगणक माझ्याकडे चालू आहे, आणि तोही सुरू होताना दोनदा खोकतो. असे खोके जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रत्येक जुन्या डीटीपीवाल्याच्या माळ्यावर असणार. मराठीत मजकूर कमी आहे असं जे म्हणतात, त्यांनी एकदा आमचे माळे बघावेत.

मराठी विश्वकोशाचं उदाहरण माझ्यासमोर आहे. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, तेव्हा संगणकाचा संबंध नव्हता. तरी त्याचे खंड आज संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहेत, शोधता येतात, कॉपी करता येतात. खिळे जुळवून छापलेलं येऊ शकतं, तर संगणकावरच जन्मलेलं का येऊ नये?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आम्ही पेढे वाटले. त्या नावाने येणाऱ्या पैशातला थोडा भाग माळ्यांवर खर्च व्हावा, एवढं मागणं आहे. जिल्हा ग्रंथालयात एक चालू जुना संगणक, दोन-तीन डोंगल, एक जाणकार ऑपरेटर आणि एक प्रूफ वाचणारा माणूस. लेखकाची किंवा वारसाची लेखी संमती घेऊन फाईली युनिकोडमध्ये आणायच्या. संमती हवीच, कारण लेखकाने पुस्तक वाचकांसाठी दिलं होतं, कंपनीच्या यंत्राला फुकट चारायला नव्हे. आणि सरकारी कार्यालयांनी निदान आजपासून तरी जुन्या फॉन्टातले अहवाल संकेतस्थळावर चढवणं थांबवावं.

आपल्यालाही एक विनंती. एके काळी मराठी दैनिकांची संकेतस्थळं वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, ते आपल्याला आठवत असेल. त्या वर्षांतले आपले अंक आज कुठे आणि कशात आहेत, ते एकदा आतल्या मंडळींना विचारावं. आपल्याकडच्या जुन्या ऑपरेटरांपैकी कुणाकडे तेव्हाच्या फॉन्टांचे की-मॅपचे, म्हणजे कुठल्या घरात कुठलं चित्र आहे ते सांगणारे तक्ते असतील तर मला झेरॉक्स हवी आहे. माझ्याकडचा तक्ता २००५ च्या पुरात गेला, आणि तीन सीडी त्याच्यावाचून अडल्या आहेत. टपालखर्च मी देईन.

आपला,
एक जुना डीटीपीवाला, मिरज