पात्रता सरकारने तपासायची, चूक मात्र पोलीस ठाण्याने?

माननीय श्री. किंजरापु राममोहन नायडू,
नागरी हवाई वाहतूक मंत्री, भारत सरकार

स. न. वि. वि.

8 जून 2024 ला मुंबईच्या धावपट्टीवर एक विमान उड्डाण घेत होतं आणि मागून दुसरं त्याच धावपट्टीवर टेकलं. कुणाला ओरखडाही आला नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाला ड्युटीवरून बाजूला केलं गेलं, आणि ते योग्यच होतं. चौकशी पुरी होईपर्यंत माणसाने हेडसेट उतरवून ठेवायचा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकतो. पण नशीब फिरलं असतं तर? त्याचा पहिला जबाब विमान अपघात तपास ब्यूरोने घेतला असता की पोलिसांनी?

मी निवृत्त नियंत्रक आहे. नागरी हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या परिशिष्ट 13 नुसार अपघाताचा तपास पुढचा अपघात टळावा म्हणून करायचा असतो, दोषी ठरवायला नव्हे. शेजारीच भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे: निष्काळजीपणामुळे मृत्यू. ब्यूरोपुढे 'माझ्याकडून रीडबॅक (वैमानिकाने परत म्हणून दाखवलेली सूचना) ऐकायचा राहिला' असं खरं सांगणाऱ्याला तेच वाक्य उद्या आरोपपत्रात दिसेल, ही भीती असते. मग तो आधी वकिलाला फोन करतो. मीही केला असता.

हे लोक कोण, तेही पाहा. नियंत्रकाला भौतिकशास्त्र-गणितासह पदवी किंवा इंजिनिअरिंग लागतं. शिवाय आवाजाची चाचणी, मादक द्रव्यांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक वैमानिकाला किमान 200 तासांचं उड्डाण, एअरलाइन परवान्याला 1500. इतकं सगळं सरकार पारखून घेतं. आणि चूक झाली की ती घोडचूक होती की कामाच्या रेट्यात कुणाच्याही हातून घडेल अशी, हे ज्याने कंट्रोल टॉवर आतून कधी पाहिला नाही तो ठरवणार!

डॉक्टरांना हे संरक्षण 2005 मध्येच मिळालं. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर हवा, आणि कारवाईआधी त्याच क्षेत्रातल्या जाणकाराचं स्वतंत्र मत घ्यायला हवं. आम्हाला याहून जास्त काही नको.

माफी तर मुळीच नको. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर वैमानिक परवाने काढल्याची प्रकरणं उघडी पडली, अटका झाल्या. तिथे पोलीसच हवेत. पिऊन कॉकपिटमध्ये बसणाऱ्यालाही सोडू नका.

पण जबाबदारी हेडसेटवाल्यापाशीच थांबते, हे खटकतं. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ दोन विमानं आकाशात धडकली, 71 माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. तिथल्या आकाशावर लक्ष ठेवणाऱ्या झ्युरिकच्या कक्षात एकटा नियंत्रक दोन टेबलं सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला. देखभालीच्या कामामुळे मुख्य फोन यंत्रणा बंद, पडद्यावरचा धडकेचा इशाराही बंद. त्याने एका विमानाला खाली यायला सांगितलं. त्याच वेळी त्या विमानातली धडक टाळणारी यंत्रणा वर जा म्हणत होती. 2004 मध्ये त्या अपघातात कुटुंब गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरीच ठार मारलं. स्विस न्यायालयाने 2007 मध्ये तो नियंत्रक जिथे काम करत होता त्या कंपनीच्या चौघांना दोषी ठरवलं, त्यांत व्यवस्थापक होते. रात्री एकाच माणसावर काम भागवायची पद्धत ज्यांनी चालू दिली, त्यांनाही जाब द्यावा लागला.

आपल्याकडे असं होईल? डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या रात्रीच्या लँडिंगवरची नवी मर्यादा त्या कंपनीसाठी तात्पुरती सैल केली गेली. प्रवाशांचे हाल मलाही दिसत होते. पण त्या काळात थकलेल्या वैमानिकाच्या हातून काही घडलं असतं, तर सवलतीच्या कागदावर सही करणाऱ्याला कोणतं कलम लागलं असतं?

2024 चा भारतीय वायुयान अधिनियम आता लागू आहे. त्याच्या नियमांत तीन गोष्टी घाला. ब्यूरोपुढचा जबाब फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येऊ नये. कलम 106 लावण्याआधी परवानाधारक तज्ज्ञांचं लेखी मत सक्तीचं करा, आणि ते तज्ज्ञ मंत्रालयाबाहेरचे असू द्या; नियंत्रकांना नेमणारं विमानतळ प्राधिकरण, विमान वाहतुकीचं नियमन करणारं डीजीसीए आणि ब्यूरो तिन्ही तुमच्याच छत्राखाली आहेत. तिसरं, ड्युटी चार्ट आणि सवलती मंजूर करणाऱ्याचं नाव आणि पद दर वेळी नोंदीत राहू द्या.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक