स्तनपुनर्रचना 'कॉस्मेटिक' कशी?

महोदय,

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगाबद्दलच्या गुलाबी फिती दिसू लागतात, 'गाठ वेळीच ओळखा' असे लेख छापून येतात. ते हवेतच. पण स्तन काढल्यावर पुढे काय, यावर वर्तमानपत्रं गप्प असतात आणि अनेकदा दवाखानाही. माझ्या शस्त्रक्रियेआधी किमो, रेडिएशन, केस गळणं सगळं समजावून सांगितलं गेलं. पुनर्रचना, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी शस्त्रक्रियेने नवा घडवणं, करता येते, काही जणींची तर स्तन काढतानाच होते, हे मला नंतर कळलं, तेही किमोच्या खोलीत शेजारी बसलेल्या एका ताईंकडून.

मी शिक्षिका आहे. फळ्यावर लिहायला हात वर केला की ब्रामध्ये ठेवलेली कापसाची घडी सरकायची, म्हणून एका हाताने पदर सावरत शिकवायचे. एका बाजूचं वजन गेल्याने मान आणि खांदा दुखायचा तो वेगळाच. पुनर्रचनेचा विषय घरात काढला, तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" सासऱ्यांनी सत्तरीत कवळी बसवली तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

माझं रेडिएशन झालेलं होतं. अशा छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं तर त्याभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते कडक होऊन आकसण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी पोटाची त्वचा आणि चरबी वापरायचं ठरवलं. ती रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर आणतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. शस्त्रक्रिया अनेक तास चालते. पहिल्या रात्री सिस्टरबाई पुन्हा पुन्हा येऊन छोट्या यंत्राने नव्या भागातल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकत होत्या; झोप माझीही नाही आणि त्यांचीही नाही. पोटाचे टाके ताणू नयेत म्हणून पुढचे काही दिवस कमरेत वाकूनच चालायचं. वाढलेलं पोट कामी आलं म्हणून यजमान खूश!

हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. नव्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना नसते. गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवू नका, भाजलं तरी कळणार नाही, असं मला बजावलं गेलं. स्तनाग्र नंतर वेगळं तयार करावं लागतं किंवा गोंदवून घेतात. हे ऐकून काही जणी नको म्हणतात. सपाट छातीने वावरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला त्याची अजिबात खंत नाही. पण तिला आधी पर्याय सांगितले गेले होते. मला नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

खरा मनस्ताप झाला तो विम्याचा. "मॅडम, कॉस्मेटिक आहे, कॅशलेस बसणार नाही," असं उत्तर आलं. वास्तविक विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा गोष्टींची, जी प्रमाणित भाषा ठरवून दिली, तिच्यातला ८ वा अपवाद कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा आहे, आणि त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना या अपवादात धरू नये असं म्हटलं आहे. म्हणजे केवळ 'कॉस्मेटिक' म्हणून ती नाकारता येत नाही. हे वाक्य माझ्या पॉलिसीतही होतं. मी ते अधोरेखित करून पाठवलं, तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले. जिला पॉलिसीचं बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचता येत नाही तिने काय करायचं? अमेरिकेत स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या आरोग्य विम्याला पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो, तसा कायदा तिथे १९९८ मध्येच झाला. आपल्याकडे नियम आहे, पण खिडकीमागच्या माणसाला तो ठाऊक नाही.

ज्या भगिनींना असाच नकार मिळाला असेल त्यांनी तो तोंडी घेऊ नये, लेखी मागावा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

– एक शिक्षिका, सांगली
(नाव न छापण्याची विनंती)