काका, त्या लाल ठिपक्यासाठी

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

परवा फॉस वे या इंग्लंडातल्या जुन्या रोमन रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) पुढे गेली आणि बॉनेटखालून तो खडखडाट काही म्हणजे काही आला नाही, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तुम्ही शेजारी मांडीवर मीटर घेऊन आकडे बघत होतात, तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. इथे परक्या मुलखात असा माणूस आपल्यात आहे हे इतरांनाही कळू दे.

माझी माझदा एमएक्स-५ १९९० ची, १.६ लिटरची. मूळ ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. या पहिल्या गाड्यांत हवा मोजायला झडपेचं मीटर असतं. इंजिन हवा ओढतं तशी झडप उघडते, स्प्रिंग तिला मागे धरते, आणि ती किती उघडली यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. पुढे १.८ लिटरच्या गाड्यांना माझदानेच झडप काढून तापलेल्या तारेचं मीटर दिलं. पण १.६ वाले हौशी लोक माझदाच्याच जुन्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स गाडीचं मोठ्या तोंडाचं मीटर बसवतात, म्हणजे वरच्या आरपीएमला इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. मलाही तेच हवं होतं. दोन वर्षं पैसे साठवले होते.

ज्यांनी ते बसवलं त्यांचं नाव घेत नाही. पण त्यांनी काय केलं ते सांगणारच. मीटर बदललं, बिल दिलं, गाडी हातात दिली. मोठ्या तोंडातून तेवढीच हवा जाताना झडप कमी उघडते, कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आहे आणि तो पेट्रोल आखडतो, हे त्यांना माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही. चढावर पाय दाबला की नॉकिंग सुरू व्हायचं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. तीनदा गेले. तिन्ही वेळा ते माझ्या नवऱ्याशी बोलले. गाडी माझी, तक्रार माझी, आणि उत्तर त्याला! शेवटी म्हणाले, इंजिन जुनं झालंय, खोलावं लागेल, २,८०० पौंड. त्या रात्री मी गाडी विकायची ठरवली होती.

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी कुणाशी तरी हे बोलत होते आणि तुम्ही मागून विचारलंत, "आवाज चढावरच येतोय का गं, का सपाटीलाबी?" गेल्या आठ महिन्यांत मला गाडीबद्दल कुणी विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

शनिवारी तुमच्या दारात गाडी आणली. तुम्ही एक्झॉस्टला सेन्सर लावलात, मला चालवायला सांगितलंत. एका भाग पेट्रोलला किती भाग हवा जातेय, तो आकडा पूर्ण पाय दाबल्यावर साडेबारा-तेराच्या घरात असायला हवा, तो चौदाच्या वर दिसत होता. "हिला उपाशी ठेवलंय," एवढंच म्हणालात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलेला आणि इथे पस्तीस वर्षं हात काळे केलेला माणूस, मला वाटलं आता दहा मिनिटांत काम होणार.

तुम्ही मीटरचं काळं झाकण उचकटलंत. आत स्प्रिंगचं दातेरी चाक. तुम्ही थांबलात आणि मला विचारलंत, "पोरी, पर्समध्ये नेलपॉलिश हाय का?"

काका, तुम्ही माझी लाल नेलपॉलिश घेतलीत, काडीच्या टोकावर टिपलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि चाकाच्या एका दातावर आणि शेजारी डब्याच्या कडेवर ठिपका दिलात. वाळेपर्यंत फुंकर मारत बसलात. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "हात सुटला तर चाक गर्रकन फिरतंय, मूळ जागा हरवती. आन् माझं चुकलं तर मागं येता आलं पायजे की."

माझं चुकलं तर. हे तीन शब्द मला त्या आधीच्या गॅरेजात एकदाही ऐकू आले नव्हते. ज्यांना काही येत नव्हतं त्यांची खात्री किती होती, आणि ज्याला सगळं येत होतं त्याने आधी परतीची खूण करून ठेवली!

नाशिकला आमच्या गल्लीत एक शिंपी होते. माझ्या शाळेच्या फ्रॉकला ते नेहमी आतून दोन बोटं माया ठेवायचे. पोर वाढणार, उसवावं लागणार, हे धरूनच शिवायचे. त्या मायेचे पैसे त्यांनी कधी लावले नाहीत, आणि आईशिवाय ती कुणाला दिसलीही नसेल. तुमचा ठिपकाही झाकणाखाली आहे. अशी माणसं आहेत म्हणून आपण दुसऱ्याच्या हातात किल्ली देऊ शकतो, मूल देऊ शकतो, दुखणं देऊ शकतो.

मग एकेक दात सैल करत गेलात. तेही चाक अंगठ्याने माझ्याकडून धरवून, स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात देऊन. तुम्ही आधीच बजावलं होतंत, चार-पाच घोडे वाढले तरी खूप समज, जाहिरातींवर जाऊ नको. वाढले असतील तेवढेच. पण गाडी आता पाच हजारांनंतर गुदमरत नाही, मोकळी पळते, आणि चढावर मी खिडकी बंद करून कान टवकारत नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. जुनं मीटर तेवढं पुसून, फडक्यात गुंडाळून परत दिलंत, "टाकू नको" म्हणून. टाकलेलं नाही, कपाटात आहे.

येत्या रविवारी ऊन असणार आहे. मी अकराला येते, हूड खाली करून. गाडी दोनच सीटची, तेव्हा आधी काकूंना फिरवून आणणार. तुम्ही दारात उभे राहून आवाज ऐका.

तुमची,
लाल गाडीवाली