सुनेचं वजन

खानापूर

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई ‘वजन जास्त आहे’ म्हणाल्या म्हणून प्रियाने रात्रीचं जेवण सोडलंय, हे ऐकून मला झोप लागली नाही. तिकडे तुझी आत्या ‘दोन जिवांचं खा’ म्हणत डबे भरून डिंकाचे लाडू धाडतेय. दोन्ही बंद करा. लाडू तू खाऊ नकोस, तुझंही पोट सुटलंय.

अंगणवाडीत मी आयुष्यभर बायकांची वजनं घेतली. चप्पल काढ, पिशवी खाली ठेव, मग तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांच्या कार्डावर, आकडा. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. उंची लागते, आणि दिवस राहण्याआधीचं वजन लागतं. प्रिया 155 सेंटीमीटर, आधी 64 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) साडेसव्वीसच्या आसपास, थोडं जास्तच. अशा बाईचं नऊ महिन्यांत 7 ते साडेअकरा किलो वाढावं असं धरतात. आमच्याकडे जंगलाकडच्या गावांतून 39-40 किलोच्या पोरी यायच्या, त्यांना साडेबारा ते 18 किलो वाढायला हवं. ते वाढत नाही, मग मूल अडीच किलोच्या आत भरतं, कधी दिवस भरायच्या आधीच होतं. माझी जास्त धावपळ त्यांच्यासाठीच झाली.

वजन जास्त असलं की काळजी वेगळी: साखर, रक्तदाब, मूल फार मोठं होणं, सिझर. होईलच असं नाही, शक्यता वाढते एवढंच. म्हणून साखरेची तपासणी चुकवायची नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिली नीट आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची.

पोटुशीने वजन उतरवायला उपास करायचा नसतो. चौथ्या महिन्यापासून एखादी भाकरी, वाटीभर आमटी आणि एक अंडं जास्त, बास. संध्याकाळी तिच्याबरोबर तूही चाल. आणि चारचौघांत तिच्या अंगाबद्दल कुणी बोललं तर गप्प बसू नकोस. आत्याला मी बघते.

बाळंतपण निपाणीला माहेरी की पुण्यात, ते तिचं तिला ठरवू दे. निपाणीला यायचं ठरलं तर रिपोर्टांची फाईल बरोबर आणा, दवाखान्यात नाव घालताना लागते.

तुझी आई