किल्ली दिली, पण मांजराचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर पोलिसांचे नेहमीचे आवाहन छापून येते : दागिने लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना कल्पना द्या, गावाला चाललो म्हणून फोटो टाकू नका. सूचना रास्तच आहेत. पण ज्या घरात कुत्रा-मांजर आहे ते घर नुसते कुलूप लावून बंद होत नाही, आणि अशा घराचे काय करायचे याबद्दल कुठे अवाक्षर नसते. मग वॉचमनच्या हातावर पैसे ठेवले जातात, किंवा वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराला ‘दोनदा येऊन खायला घाल रे’ असे सांगितले जाते. दोन वेळची वीस-वीस मिनिटे वजा केली, तर उरलेले तेवीस तास वीस मिनिटे ते जनावर एकटे असते. मोठे, धडधाकट मांजर एखादी रात्र तसे काढते. कुत्र्याला ते जमत नाही. फटाक्यांच्या दिवसांत तर मुळीच नाही.

आम्ही काही जण मालक बाहेरगावी असताना त्यांच्या घरी मुक्काम करून प्राणी सांभाळतो. या कामात जे बिघडते त्याचे मूळ प्राण्याच्या स्वभावात क्वचित असते. ते असते खाली टॅक्सी उभी असताना, बॅगा उतरवता उतरवता जिन्यात दिलेल्या माहितीत. ‘दोन वाट्या द्या, औषध फ्रीजमध्ये आहे, तसा काही त्रास देत नाही’ एवढ्यावर दहा दिवस काढायचे असतात.

वाटीचेच घ्या. आमटीची वाटी आणि श्रीखंडाची वाटी यांत निम्म्याचा फरक असतो. रोज वापरात असलेली वाटीच खाण्याच्या डब्यात टाकून ठेवा, किंवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून दिवसागणिक पुड्या करा. पुड्या मुक्कामापेक्षा तीन दिवसांच्या जास्त हव्यात, कारण विमाने आणि गाड्या वेळेवर येतातच असे नाही. नेमका तोच ब्रँड संपला म्हणून दुसरा आणला, की जुलाब ठरलेले. खाणे बदलायचे तर सात दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे लागते. घरचा चिकन-भात खाणाऱ्या कुत्र्याचे डबे गोठवून ठेवावेत आणि हाडे काढूनच ठेवावेत.

फराळाचा डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट. रव्याच्या लाडवावरचा बेदाणा आणि चिवड्यातले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात. किती खाल्ल्यावर बाधतील याचा हिशेब कुत्र्यागणिक वेगळा, त्यामुळे ‘दोनच तर खाल्ले’ म्हणून वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना फोन करावा. चॉकलेट, कांदा, लसूण यांचेही तेच. घरात मांजर असेल तर भेट आलेल्या पुष्पगुच्छातली मोठ्या पाकळ्यांची लिली दाराबाहेर. तिचे परागकण अंगाला लागले आणि मांजराने अंग चाटले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फुलदाणीतले पाणीसुद्धा तितकेच वाईट.

दिवाळीत कुत्रे हरवते ते बहुतेक वेळा दारातून. मिठाईवाला, कुरिअरवाला, पोस्त मागायला आलेली मंडळी यांच्यासाठी दार सारखे उघडते, आणि तेवढ्यात खाली लड लागते. जाळीचे सेफ्टी डोअर असेल तर नियम एकच : आतले दार आपल्या पाठीमागे लावल्याशिवाय बाहेरचे उघडायचे नाही. ते नसेल तर आधी कुत्रा आतल्या खोलीत आणि मग दाराची कडी. संध्याकाळचा फेरा साडेपाचच्या आत उरकावा. रात्री दहानंतर फटाके वाजवू नयेत असा नियम आहे खरा, पण त्यावर विसंबून दहा वाजून पाच मिनिटांनी खाली उतरू नये; गच्चीत किंवा बाल्कनीत वर्तमानपत्रावर शी-शू करण्याची सवय आधीच लावलेली असेल तर ती याच आठवड्यात कामी येते. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोनच बोटे शिरावीत. त्याहून सैल असला तर बिचकलेला कुत्रा मागे सरकतो, मान खाली घालतो आणि रिकामा पट्टा आपल्या हातात राहतो. म्हणून या दिवसांत हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घालून दोर दोहोंत अडकवावा.

पट्ट्यावरच्या बिल्ल्याकडेही पाहा. त्यावर मालकाचा नंबर असतो, आणि कुत्रा हरवतो त्या वेळी मालक विमानात असतो. बिल्ल्याच्या मागे सांभाळणाऱ्याचा नंबर मार्करने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की काम झाले.

फटाक्यांसाठी ‘झोपेची गोळी’ ओळखीच्या केमिस्टकडून आणून ठेवणारे बरेच आहेत. काही गोळ्यांनी कुत्रा निपचित पडतो, पण आवाज त्याला ऐकू येत राहतात आणि भीती तशीच असते. डॉक्टरांनी दिलेले औषधही मालक घरी असताना एकदा देऊन पाहावे, म्हणजे किती वेळात चढते आणि किती वेळ टिकते ते कळते. बाकी पडदे ओढा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा आणि त्याला हव्या त्या कोपऱ्यात बसू द्या. कोपऱ्यातून ओढून काढायला गेलेला हातच चावला जातो. चावला किंवा ओरखडला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसायचे नाही. त्याच्या रेबीजच्या लसीचे कार्ड मात्र हाताशी हवे, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मांजराची गोष्ट वेगळी. ते पळत नाही, नाहीसे होते. नवा माणूस घरात आला की पहिला दिवस ते दिवाणाच्या पोकळीत, वॉशिंग मशीनमागे किंवा माळ्यावर काढते. त्याला ओढू नये, बोलावतही बसू नये. खाणे-पाणी जवळ सरकवून आपण आपल्या कामाला लागावे. मात्र दिवाणाचे झाकण बंद करण्याआधी आणि मशीन लावण्याआधी आत डोकावण्याची सवय हवी. खिडक्यांचे म्हणाल, तर वेलक्रोने चिकटवलेली डासांची जाळी मांजर एका धक्क्यात सोडवते. कबुतरांसाठी बांधलेली नायलॉनची जाळीही दोन-तीन उन्हाळे खाल्ल्यावर ठिसूळ होते, बोटाने ओढून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि हेच सांगायचे राहून जाते. मांजर लपून बसले तरी त्याचा ट्रे सगळे सांगतो. गोळे धरणारी वाळू असेल तर दिवसाकाठी साधारण दोन ते चार लघवीचे गोळे निघायला हवेत. नेहमी किती आणि केवढे निघतात हे मालकाने सांगून जावे, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आहे, ओरडतो आहे, मागचा भाग चाटतो आहे आणि गोळा एकही नाही, किंवा थेंबभर ओल आहे, तर लघवी अडकली असे धरून तासाभरात निघावे. याला ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून दूध पाजत बसले, तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. खाण्याचेही तसेच. चोवीस तास काही खाल्ले नाही तर मालकाला आणि डॉक्टरांना फोन, दुसरा दिवसही कोरडा गेला तर थेट दवाखाना. विशेषतः गुबगुबीत मांजराचे. उपाशी राहिल्यावर त्याच्या अंगावरची चरबी यकृतात साठू लागते, आणि मग भूक आणखी मरते. म्हणून मांजराचा पिंजरा माळ्यावर न ठेवता महिनाभर आधीच उघडा करून हॉलमध्ये ठेवावा, आत जुनी चादर टाकावी. ऐन वेळी काढलेल्या पिंजऱ्यात मांजर कोंबताना दोघांचीही दैना होते.

औषधांपैकी इन्सुलिनबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथली चूक जीवावर बेतते. आपल्याकडे एका मिलिलिटरमागे ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या : लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर दहाऐवजी पंचवीस युनिट टोचले जाते. उलट केले, तर चारच. ‘दहा रेघा द्या’ एवढे सांगून निघू नका. बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून फोटो काढा, भरलेल्या सिरिंजचाही काढा. आणि जनावराने खाल्ले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचे नाही, हे डब्यावर लिहून चिकटवा.

डॉक्टरांचा नंबर सगळेच देतात. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला दवाखाना उघडा असतो का, रात्री कुठे जायचे, कुत्र्याला गाडीत घेणारा रिक्षावाला कोण, हे कुणी देत नाही. मुंबईकरांना निदान परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत असते. बाकीच्यांनी आपल्या गावात रात्री कोण दार उघडते याची आधी चौकशी करावी. सोबत एक सहीचे पत्र हवे : प्राण्याचे नाव, वय, वजन, कशाची ॲलर्जी, अमुक रकमेपर्यंत उपचार न विचारता करावेत, आणि फोन लागला नाही तर निर्णय कोणाचा. शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो, पण मालक आकाशात आणि ऑपरेशनच्या संमतीचा कागद समोर, अशा वेळी ती नसली तर सांभाळणारा आणि डॉक्टर दोघेही अडकतात.

सोसायटीला लेखी कळवा : अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काळजीवाहू म्हणून राहणार आहे, भाडेकरू नाही. नाहीतर सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी दार वाजवतात. घरात कॅमेरे असतील तर कुठे आहेत ते सांगून टाका, आणि ती व्यक्ती जिथे झोपेल तिथला बंद करा. निघण्याच्या आठवडाभर आधी सांभाळणाऱ्याला एक रात्र घरी राहायला बोलवा आणि तुम्ही नातेवाइकांकडे जा. रात्री दोनला दाराशी बसून रडणारा कुत्रा याच रात्री कळतो.

मुलांकडे अमेरिकेला सहा महिने जाणाऱ्या ज्येष्ठांनी एकाच माणसावर भिस्त ठेवू नये. दोघे जण आलटून-पालटून असावेत आणि त्या काळात वार्षिक लस, गोचिडाचे औषध कधी येते ते कॅलेंडरवर खुणा करून जावे. मत्स्यपेटीचे सोपे आहे : निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात, पण पाहुण्याने प्रेमाने मूठभर दाणे टाकले की पाणी नासते आणि ते मरतात. दाणे चिमटी-चिमटीच्या पुड्यांत ठेवा, डबा लपवा. आणि पिंजऱ्यातला मिठू ‘सांभाळाल का’ असे विचारणाऱ्यांना एकच उत्तर : आपला देशी पोपट पाळणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाळीव जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाच, दार बाहेरून बंद करून कोकणात जाणाऱ्यांनी तेही वाचून ठेवावे.

परतीच्या दिवशी ‘आम्ही चारपर्यंत पोहोचतो, तुम्ही दुपारी निघालात तरी चालेल’ असे कळवू नये. घाटात गाडी अडकते, चारचे नऊ होतात, आणि किल्ली पायपुसण्याखाली. मालक दारात आल्यावरच सांभाळणाऱ्याने निघावे, आणि निघताना शेवटचे औषध किती वाजता दिले ते फ्रीजवर लिहून जावे, नाहीतर आनंदाच्या भरात तेच औषध पुन्हा दिले जाते.

आपले,
घरी मुक्काम करून प्राणी सांभाळणारे आम्ही काही जण, पुणे