सोलिच यांचे मोजमाप

संपादक महोदय,

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातून २००३ मध्ये काढलेले प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांच्याबद्दल चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. ५८ विजय, १९ पराभव. १९९९ मध्ये बिग १२ या विद्यापीठांच्या साखळीचे विजेतेपद. २००१ ला कोलोरॅडोकडून ६२-३६ आणि मग राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत मायामीकडून ३७-१४ अशी हार झाली, २००२ मध्ये ७ विजय, ७ पराभवांवर गाडी अडली. विरोधकांचे हे मुद्दे खरेच आहेत. पण हकालपट्टी झाली ती ९ सामने जिंकलेल्या हंगामानंतर!

खरे नुकसान पुढे झाले. सोलिच यांचा संघ 'ऑप्शन' पद्धतीने खेळे. तीत क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, चेंडू घेऊन आडवा धावतो. समोरच्या फळीतल्या टोकाच्या बचावपटूला मुद्दाम कोणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर झेपावला की चेंडू बाजूच्या साथीदाराकडे फेकायचा, तो थबकला की स्वतःच आत घुसायचे. निर्णय निमिषात. अशा खेळासाठी निवडलेल्या मुलांच्या हाती नवे प्रशिक्षक बिल कॅलहन यांनी २००४ मध्ये पासवर, म्हणजे चेंडू पुढे हवेत फेकण्यावर, चालणारा खेळ दिला. अचूक फेकीचे कसब एका उन्हाळ्यात येत नाही. निकाल ५ विजय, ६ पराभव; १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि १९६९ पासूनची बोल सामन्यांची (हंगामाअखेरच्या निमंत्रित लढतींची) अखंड मालिका तुटली.

सोलिच नंतर ओहायो विद्यापीठात १६ हंगाम टिकले, तिथे ११५ सामने जिंकले. त्यांचा हिशेब मांडताना ही बाजूही धरावी, ही विनंती.

— एक वाचक